पेशींच्या गोळ्यांसाठी सिलिकॉनच्या सूक्ष्म खळग्या

पेशींना चिकटायला तळच मिळाला नाही, तर त्या एकमेकींना धरून गोळा बांधतात. पेशी वाढवायच्या २४ खणांच्या प्लेटमध्ये बसणारी, असे गोळे बांधून घेणाऱ्या खळग्यांची सिलिकॉनची चकती प्रयोगशाळेतच ओतता येते.

साचा रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर काढा. आतला व्यास १५.५ मिमी, भोवती ४ मिमी उंच कड, तळावर गोल टोकाच्या खुंट्या: जाडी ४०० मायक्रॉन, उंची ५०० आणि दोन खुंट्यांच्या मध्यांतले अंतर ५००. साधारण ७०० खळग्या मिळतात. फट याहून अरुंद केली, तर खुंट्या छापतानाच एकमेकींना जुळतात; रुंद केली, तर पेशी मधल्या पट्टीवर बसून वेडेवाकडे पुंजके करतात.

बहुतेकांचे काम बिघडते ते इथे: सिलिकॉन वरून घट्ट होते, पण साच्याला लागून चिकट राहते. रेझिनमधले न जुळलेले रेणू सिलिकॉनमधल्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतात. म्हणून साचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुवा, वाळवा, यूव्हीखाली पक्का करा आणि रात्रभर ६० ते ८० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा. ही रात्र वाचवू नका. लेटेक्सच्या हातमोज्यांतला गंधकही हेच करतो, नायट्राइलचे घाला.

सिलगार्ड १८४ (दोन भाग मिसळून घट्ट होणारे सिलिकॉन) चा १० ग्रॅम बेस आणि १ ग्रॅम हार्डनर वजन करूनच घ्या. कडा-तळ खरवडत पाच मिनिटे ढवळा, डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) निर्वात करून बुडबुडे काढा. साच्यात ३ मिमी ओता आणि पुन्हा निर्वात करा, कारण खुंट्यांच्या मुळाशी हवा अडकते. ६५ अंशांवर चार तास. सोडवताना कडेला अल्कोहोलचा थेंब सोडा.

चकती सैल राहिली तर पेशी तिच्याखाली जातात. खणात कच्च्या मिश्रणाचा बारीक थेंब टाकून ती बसवा, ६० अंशांवर रात्रभर ठेवा. आता निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) नको, प्लेट वाकेल. ७० टक्के इथेनॉल अर्धा तास पुरे. पाणी खळगीत उतरत नाही, इथेनॉल उतरते. म्हणून ते सुकू न देता पीबीएसने (पेशींना सोसणाऱ्या क्षारांच्या पाण्याने) बदला. मग पेशी सिलिकॉनला चिकटू नयेत म्हणून १ टक्का प्लुरॉनिक एफ-१२७ रात्रभर, नंतर धुणे.

गोळ्यामागे ५०० पेशी हव्या असतील, तर ७०० × ५०० म्हणजे साडेतीन लाख पेशी १ मिलि माध्यमात (पोषक द्रवात) सोडा. प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये १०० जी-वर (गुरुत्वाच्या शंभरपट) तीन मिनिटे फिरवा. माध्यम बदलताना निम्मेच काढा, पिपेटची टिप खणाच्या भिंतीला टेकवून.

औषधचाचणीत मात्र जपा: तेलात विरघळणारे छोटे रेणू सिलिकॉन शोषून घेते, पेशींना मात्रा कमी मिळते. अशा वेळी याच साच्यात २ टक्के अगारोज (समुद्रशेवाळातून मिळणारी जेली) ओतून खळग्या करा.