छोट्या ट्रॅक्टरसाठी घरच्या घरी केबिन : पाऊस-थंडीपूर्वी बांधणी करताना घ्यावयाची काळजी

पाऊस आणि थंडीचा हंगाम सुरू होण्याआधी कामांना जी थोडी उसंत मिळते, ती छोट्या ट्रॅक्टरला केबिन बसवण्यासाठी सर्वांत सोयीची असते. या आकाराच्या ट्रॅक्टरला कंपनीची केबिन बऱ्याचदा मिळत नाही आणि मिळालीच तर ट्रॅक्टरच्या मानाने महाग पडते. म्हणून चौकोनी पाईप आणि पॉलिकार्बोनेटची (कठीण पारदर्शक प्लास्टिकची) शीट वापरून ती स्वतः बनवण्याकडे अनेकांचा कल असतो. हे काम जमण्यासारखे आहे. मात्र अशी केबिन पाऊस आणि वारा अडवते, ट्रॅक्टर उलटल्यास जीव वाचवत नाही, ही गोष्ट पहिला पाईप कापण्यापूर्वीच मनाशी पक्की करून घ्यावी.

जीव वाचवते ती सीटमागची संरक्षक कमान, म्हणजेच रोप्स, आणि तिच्या जोडीला बांधलेला सीटबेल्ट. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर अशी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढील काळात तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. ही कमान ठरावीक मर्यादेत वाकून धक्का पचवेल अशा बेताने घडवलेली आणि तपासलेली असते. तिच्यावर वेल्डिंग केल्यास उष्णतेने त्या जागी पोलादाचा गुण बदलतो, आणि भोक पाडल्यास ताण आल्यावर नेमकी तिथूनच भेग धरते. त्यामुळे केबिनचा सांगाडा कमानीला फक्त यू-बोल्टने किंवा दोन भागांच्या क्लॅम्पने, मध्ये जाड रबराची पट्टी घालून बांधावा; खालचा भार मडगार्ड आणि पायपाटीवरील मूळ बोल्टच्या जागांवर घ्यावा. घडीची कमान असेल तर ती पूर्ण उभी करून पिन लावल्यावरच मापे घ्यावीत. ट्रॅक्टरला कमानच नसेल, तर केबिनसाठी ठेवलेला पैसा आधी कमानीवर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मापे टेपने घेऊन लगेच पाईप कापण्यापेक्षा जाड पुठ्ठ्याचे पूर्ण आकाराचे साचे करून ते ट्रॅक्टरवर बांधून पाहावेत. मग नेहमीचे बूट आणि जाड जाकीट घालून सीटवर बसावे, क्लच पूर्ण दाबावा, गिअर आणि लिफ्टचे दांडे शेवटपर्यंत हलवावेत आणि मान वळवून मागचे अवजार दिसते का ते पाहावे. जिथे कोपर किंवा गुडघा पुठ्ठ्याला घासतो तिथे खडूने खूण करावी, कारण उद्या त्याच जागी पाईपची कड असणार आहे. मागच्या बाजूला सर्वांत उंच अवजार जोडून लिफ्ट पूर्ण वर न्यावी आणि टॉप लिंक (अवजार ट्रॅक्टरला वरून जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) सर्वांत आखूड करून पाहावी. रोटाव्हेटरचे झाकण किंवा नांगराचा सांगाडा या स्थितीत अनपेक्षितपणे पुढे येतो आणि मागची काच फोडतो.

सांगाड्याला २५ मिलिमीटरचा, सुमारे १.६ ते २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप पुरेसा होतो. याहून जड पाईप घेतल्याने मजबुतीचा भास होतो, पण उंचावर वाढलेले प्रत्येक किलो वजन गुरुत्वमध्य वर नेते आणि उतारावर ट्रॅक्टर कलण्याचा धोका वाढवते. याच कारणाने छत हलके, आणि ऊन परतवण्यासाठी पांढऱ्या रंगाचे असावे.

समोरच्या भागात वायपर लावायचा असेल तर वाहनांसाठी असलेली लॅमिनेटेड काचच घ्यावी; पॉलिकार्बोनेटवर वायपर फिरला की चिखलाच्या कणांनी ओरखडे पडून संध्याकाळच्या तिरप्या उन्हात समोरचे काहीच दिसेनासे होते. बाजूंना पॉलिकार्बोनेट चालते. ॲक्रिलिक स्वस्त असले तरी ते धारदार तुकड्यांत फुटते, म्हणून टाळावे. पॉलिकार्बोनेट उष्णतेने बरेच फुगते: तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर एक मीटर लांबीची शीट अडीच मिलिमीटरहून अधिक वाढते. बोल्टचे भोक तेवढे मोठे ठेवून रबरी वॉशर वापरावा आणि बोल्ट करकचून आवळू नये, नाहीतर भोकाभोवती बारीक चिरा पडू लागतात. पुसण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे, पेट्रोल किंवा थिनर कधीही वापरू नये.

बंद केबिनमधला धूर हा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. डोके जड होईपर्यंत चालकाला काही कळत नाही. सायलेन्सरचे तोंड केबिनपासून दूर, शक्यतो छताच्या वर न्यावे, आणि इंजिन व केबिन यांमधली प्रत्येक फट उष्णता सहन करणाऱ्या पट्टीने बुजवावी. खिडक्या उघडता येतील अशाच ठेवाव्यात. बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा हव्यात. ट्रॅक्टर आडवा पडून दरवाजा जमिनीकडे दबला तर मागची काच आतून, हत्याराशिवाय उघडली पाहिजे.

पत्र्याच्या केबिनमध्ये आवाज घुमतो. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते आणि अस्तर नसलेल्या केबिनमध्ये ती सहज ओलांडली जाते, म्हणून पायाखाली जाड रबरी मॅट व छताला न पेटणारा फोम लावावा आणि तरीही कानांवर संरक्षक घालावेत. पंखा, वायपर आणि दिव्यांना स्वतंत्र फ्यूज द्यावा.

फवारणीच्या कामासाठी मात्र या केबिनवर विसंबू नये. औषधाच्या वाफेपासून बचाव करणाऱ्या केबिनमध्ये कार्बन फिल्टर आणि आतील हवेचा वाढीव दाब या दोन्हींची सोय असते. घरच्या केबिनमध्ये उलट ती वाफ आत कोंडते. मास्क, हातमोजे आणि पूर्ण अंगाचे कपडे पूर्वीसारखेच वापरावेत.

रस्त्यावर नेण्यापूर्वी वाढलेली उंची, दिव्यांची दृश्यता आणि विम्याच्या अटी तपासाव्यात. पहिल्या दिवसाच्या कामानंतर सर्व क्लॅम्प पुन्हा आवळावेत, कारण रबर दबल्यामुळे ते हमखास सैल पडतात; त्यानंतर प्रत्येक वेळी ग्रीस भरताना त्यांवर पाना फिरवावा.