भीतीवरून लक्ष वळवताना या चुका टाळा

मोटारसायकल शिकताना एक सूचना हमखास मिळते: खड्ड्याकडे बघू नका, जिथून गाडी काढायची आहे तिकडे बघा. नजर खड्ड्यावर खिळली की गाडी नेमकी त्यातच जाते. भीतीचं गणित बरंचसं असंच आहे. पण "लक्ष दुसरीकडे वळवा" हा सल्ला वापरून बघितलेले अनेकजण म्हणतात, "काही उपयोग झाला नाही." माझ्या मते बऱ्याचदा सल्ला बरोबर असतो, घोटाळा होतो तो अमलात आणताना.

"घाबरायचं नाही" असा स्वतःलाच दम देणं

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गमतीशीर प्रयोग केला. काही लोकांना सांगितलं: मनात येईल ते पाच मिनिटं बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. पुढे त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तर तो जास्तच उसळून आला. विचार आला की नाही हे तपासायचं, तर तो मनाच्या कोपऱ्यात जागा ठेवावाच लागतो ना!

या प्रयोगाचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. काहीजणांना सांगितलं होतं की अस्वल आठवलं की लाल फोक्सवॅगन गाडी डोळ्यांपुढे आणा. त्यांच्या बाबतीत नंतरची ही उसळी कमी झाली. म्हणजे नुसतं "इकडे नको" सांगून भागत नाही, "मग कुठे?" याचं एकच ठरलेलं उत्तर आधीपासून तयार लागतं. ऐनवेळी शोधायला बसलात तर मन भीतीकडेच परत जातं.

पळवाटेला लक्ष वळवणं समजणं

मुलाखतीआधी बाहेर बसून मोबाइल चाळत राहणं, अवघड फोन करायचा सोडून कपाट आवरायला घेणं. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि खरी अडचण तीच आहे. टाळल्यामुळे सुटका झाली, हे मन लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आणखी जोरात टाळायला लावतं. ओळखायची खूण सोपी आहे: लक्ष वळवल्यावर तुम्ही कामाच्या जवळ गेलात की लांब? फोन करायचा असेल तर लक्ष पहिल्या वाक्यावर न्या. कपाट कुठे पळून जात नाही.

स्वतःवरच पहारा ठेवणं

हात थरथरतायत का? आवाज कापतोय का? चेहरा लाल झाला असेल का? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची, म्हणजे चारचौघांत वावरताना वाटणाऱ्या भीतीची, जी मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी हाच पहारा आहे. माणूस आतल्या धडधडीवरून आपण बाहेरून कसे दिसत असू याचं चित्र रंगवतो आणि ते खरं मानून चालतो. समोरच्याला त्यातलं बरंचसं दिसतही नाही.

त्यामुळे भाषणाला उभं राहिल्यावर "मी कसा दिसतोय" सोडून "यांना काय कळायला हवं" हे धरा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जातंय का, तिसऱ्या मुद्द्यावर कुणाच्या कपाळावर आठी पडली का, हे बघा.

शांत होण्याचा हट्ट

छाती धडधडत असताना "शांत हो" म्हणणं म्हणजे भरधाव गाडीला मागचा गिअर टाकणं. संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगात, भाषणाआधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. यात लबाडी नाही. भीतीत आणि उत्साहातही काळीज जोरातच धावतं, फक्त नजर "काय बिघडेल" वरून "काय साधेल" कडे वळवायची.

दर दोन मिनिटांनी "गेली का?" विचारणं

हेही अस्वलच. भीती सोबत असू द्या, काम चालू ठेवा. आणि सराव किरकोळ प्रसंगांत करा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा वापरलेली युक्ती सहसा दगा देते.

प्रत्येक भीतीला हाच उपाय लावणं

गॅसचा वास येतोय, छातीत दुखतंय, समोरचा माणूस धोकादायक वाटतोय, तिथे लक्ष वळवायचं नाही. तिथे भीतीचं ऐकायचं आणि हालचाल करायची.

दुसरीकडे, भीतीपायी कामावर जाणं, प्रवास, माणसांत मिसळणं बंद पडत चाललं असेल, किंवा अचानक घबराटीचे झटके येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे बऱ्याचदा भीतीच्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरं जायला शिकवतात. जाताना आपण काय काय टाळतो याची यादी सोबत न्या, सगळ्यांत सोप्यापासून सगळ्यांत अवघडापर्यंत क्रम लावून. उपचार ठरवताना ती कामाला येते.