मऊ म्हणजे चांगला नव्हे: स्पोर्ट्स शूचा सोल आखताना या चुका टाळा

नवा नमुना टेबलावर आला की बहुतेक जण आधी अंगठ्याने टाचेचा फोम दाबून पाहतात. अंगठा रुतला की स्वारी खूश. पण अंगठ्याचा जोर तो किती! धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट भार सोलवर येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाचा १४० ते १७५ किलो, तोही साधारण पाव सेकंदात. अंगठ्याला लोण्यासारखा लागणारा फोम एवढ्या भाराखाली पार चेपतो. मग दाबायला काही उरतच नाही आणि पुढचा सगळा हादरा थेट टाचेला बसतो. दुकानात गुबगुबीत वाटलेला बूट मैदानावर कडक लागतो, त्याचं कारण हे.

अशी तक्रार आली तर मिडसोलची, म्हणजे सोलमधल्या फोमच्या थराची, बाजू नीट पाहा. टाचेजवळ आडव्या सुरकुत्या कायमच्या उमटल्या असतील, तर फोम बसला आहे. अशा वेळी आणखी मऊ फोम घालणं हा उपाय नाही. जाडी वाढवा किंवा फोम थोडा कडक घ्या. धावण्याच्या बुटातलं नेहमीचं ईव्हीए (एक प्रकारचा फोम) आस्कर सी या कडकपणाच्या मापावर साधारण ४५ ते ५५ च्या आसपास असतं. आकडा घेताना खोलीचं तापमानही टिपून ठेवा, कारण ईव्हीए उन्हाळ्यात मऊ पडतं आणि थंडीत कडक होतं. नागपुरात मे महिन्यात मोजलेला तुकडा आणि एसी लॅबमधला तुकडा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर आघाताची चाचणी करून घ्या. त्यात ८.५ किलोचं वजन टाचेवर सोडून धक्का किती जिरला ते मोजतात. अंगठ्यापेक्षा ते कधीही भरवशाचं.

जाडी वाढवली की दुसरी अडचण उभी राहते. पाय जमिनीपासून जितका वर, तितका घोटा मुरगळण्याचा धोका जास्त. यावर सुचणारा सोपा उपाय म्हणजे टाच बाहेरच्या बाजूने पसरट करणं. १९७० च्या दशकात नाइकेच्या एलडी-१००० या बुटाची टाच अशीच भलती रुंद होती. तो बूट घालणाऱ्या धावपटूंकडून गुडघेदुखीच्या तक्रारी आल्या. कारण साधं आहे: बहुतेकांची टाच आधी बाहेरच्या कडेवर टेकते. ती कड जितकी लांब, तितकी तरफ मोठी, आणि पाऊल आतल्या बाजूला तितक्या वेगाने आपटतं. स्थिरतेसाठी केलेल्या रुंदीनेच स्थिरता घालवली. म्हणून पाया रुंद करताना टाचेची मागची बाहेरची कड तिरकी कापा. शिवाय पाऊल फोमच्या माथ्यावर ठेवण्याऐवजी फोमच्या आत बसवा. दोन्ही बाजूंच्या कडा थोड्या वर आणल्या की मऊ फोमवरही टाच घसरत नाही. आतल्या बाजूला कडक फोमचा तुकडा बसवायची जुनी पद्धतही चालते, पण मऊ आणि कडक फोमची सीमा सरळ उभी कापली तर पायाला ती टोचते. सांधा तिरका ठेवा.

सरळ धावण्यासाठी केलेला सोल बॅडमिंटनला किंवा मॅटवरच्या कबड्डीला चालेल, हाही एक हट्टी गैरसमज. तिथे जोर बाजूला लागतो. उंच, मऊ टाचेवर आडवा ब्रेक मारला की फोम एका अंगाला दबतो आणि पाय कडेवरून बाहेर जातो. कोर्टच्या बुटाला बुटका सोल, कडक बाहेरची कड आणि चवड्याच्या बाहेरच्या बाजूला वर चढलेलं रबर हवं. मऊपणा त्यापुढे दुय्यम.

सोल कुठे वाकतो याकडे फारसं कोणी पाहत नाही. बूट हातात धरून टाच आणि टोक एकमेकांकडे दाबा. तो चवड्याच्या सांध्यांपाशी वाकायला हवा. मधोमध कमानीखाली वाकत असेल तर तिथे आधार कमी आहे, किंवा सोलच्या तळाला वाकण्यासाठी दिलेल्या खाचा फार मागे पडल्या आहेत. आधी खाचा पुढे सरकवा, कमानीखाली आधाराची कडक पट्टी घालायचा विचार त्यानंतर करा.

नमुना बहुधा पुरुषांच्या ८ नंबरात बनतो आणि बाकीचे नंबर संगणकावर लहान-मोठे केले जातात. आकार बदलतो, फोम तोच राहतो. मग ४५ किलोच्या मुलीला तो दगड लागतो आणि ९५ किलोच्या माणसाला भुसभुशीत. नंबरांचे दोन-तीन गट करून फोमचा कडकपणा वेगवेगळा ठेवा. खर्च वाढतो, हे खरं.

सोल उखडला तर गोंदाला शिव्या देण्याआधी उखडलेली जागा पाहा. ईव्हीएचे तुकडे तळाच्या रबराला चिकटून आले असतील तर गोंद पक्का होता, फोमच कमजोर निघाला. गोंदाचा थर रबरावरून स्वच्छ सुटला असेल तर रबर नीट खरवडलेलं नाही. ईव्हीएवरून सुटला असेल तर प्रायमर (गोंदाआधी लावायचा लेप) चुकला. पावसाळ्यात गोंद वाळताना पृष्ठभाग गार पडून त्यावर ओल धरते, ती डोळ्याला दिसत नाही. त्या महिन्यांत वाळवणीच्या जागी उष्णता आणि हवा दोन्ही वाढवा.

इनसोलला, म्हणजे बुटाच्या आतल्या गादीला, तर कोणी हिशेबातच धरत नाही. २०१५ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये केनियाचा धावपटू एलियूड किपचोगे याच्या दोन्ही बुटांतले इनसोल धावता धावता बाहेर आले. तो तरीही २:०४:०० वेळ देऊन जिंकला, पाय मात्र सोलवटले. तो किपचोगे होता म्हणून निभावलं! इनसोल खाली चिकटवा, आणि घामाने भिजवूनही तपासा.

उरला पीयूचा (पॉलियुरेथेन फोमचा) मिडसोल. तो ईव्हीएइतका लवकर बसत नाही, पण दमट हवेत आतून विघटन पावतो. कोकणात कपाटात काही वर्षं न वापरता पडून राहिलेल्या बुटाचा सोल पहिल्याच फेरीत भुगा होऊन गळतो, तो यामुळे. पीयूच हवं असेल तर पुरवठादाराकडे एस्टर प्रकाराऐवजी दमट हवेत जास्त टिकणारं ईथर प्रकारचं मागा, आणि खोक्यावर उत्पादनाचा महिना छापा.