पडलेल्या ओकच्या पानातली जिवंत अळी कशी शोधावी

ओक म्हटलं की आपल्याला आधी आडनाव आठवतं. झाडाची ओळख मला इंग्लंडात आल्यावर झाली आणि त्यावर जगणाऱ्या या पतंगाची तर त्याहूनही उशिरा. एक्टोइडेमिया सबबायमॅक्युलेला, नाव हे एवढं! पतंग मात्र मिटल्या पंखांनी बसला की तिळाएवढा, पंख पसरले तरी ५-६ मिलिमीटर. तो दिसणं नशिबाचा भाग, पण त्याची अळी कुणालाही सापडू शकते. परसातल्या लिंबाच्या पानावर नागअळीची वाकडीतिकडी चंदेरी रेघ पाहिली असेल, तर अर्धं काम झालंच. हीदेखील तशीच पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खाते.

कधी जावं: ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरचा मध्य. पानं पिवळी पडून गळायला लागलेली हवीत. आदल्या रात्री वारा सुटला असेल तर उत्तम.

झाड ओळखा: इथला साधा ओक, म्हणजे ज्याच्या पानाला देठ जवळजवळ नसतोच आणि बुडाशी कानाच्या पाळीसारखे दोन छोटे भाग असतात. याची फळं मात्र लांब दांड्यावर लोंबतात. खोडावर जाळीदार घरटं दिसलं तर हात लावू नका. ते दुसऱ्याच पतंगाच्या अळ्यांचं असू शकतं. २००६ पासून लंडनमध्ये ठाण मांडलेल्या त्या अळ्यांच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते.

खाली बघा, वर नाही. पिवळ्या-तपकिरी पानांच्या ढिगात हिरवा ठिपका शोधायचा. सगळं पान वाळलंय आणि मधली शीर व बाजूची शीर जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मात्र हिरवागार तुकडा! पान मेलं तरी अळी आपल्यापुरता स्वयंपाकघराचा कोपरा चालू ठेवते. हे कसं जमतं? फ्रान्समध्ये सफरचंदाच्या पानात राहणाऱ्या एका पतंगावर प्रयोग झाले, तेव्हा त्याच्या अळीच्या शरीरातले जिवाणू प्रतिजैविकाने मारल्यावर असा हिरवा तुकडा उमटलाच नाही.

पान उजेडाकडे धरा. आकाशाकडे धरून १० पटींच्या भिंगातून पाहिलं की हिरव्या भागात एक पोकळ डाग आणि त्यात फिकट अळी दिसते, कधी हळूच सरकतेही. आता पान उलटं करा. डागाच्या खालच्या बाजूला बारीक चीर आहे का? या जातीची अळी तिथून विष्ठा बाहेर टाकते. तिच्या जवळच्या भाऊबंदांत ही चीर नसते, म्हणून हा तपास चुकवू नका.

घरी आणायचं असेल तर तीन-चार पानं पुरेत. रिचमंड पार्कसारख्या शाही उद्यानांतून काही उचलू नका, तिथे फोटोवर भागवा. झाकणाच्या डब्यात बोटभर ओलसर माती घाला आणि वर पानं ठेवा. खाणं संपलं की अळी खाली उतरून मातीत कोष विणते. मग डबा घराबाहेर, सावलीत. पहिल्या वर्षी मी प्रेमाने तो हीटरशेजारी ठेवला होता. आठवड्याभरात माती खडखडीत, अळ्याही गेल्या. यांना थंडी हवीच, उबेत जपून चालत नाही. माती वाळली तर चार थेंब पाणी, बाकी काही करू नका.

मे उजाडला की झाकणाच्या आतल्या बाजूवर रोज नजर टाका. काळसर पंखांवर पांढुरके ठिपके असलेला कण चालताना दिसला की झालं! कधीकधी पतंगाऐवजी मुंगीहून लहान गांधीलमाशी निघते. तिच्या अळीने आपल्या अळीला केव्हाच फस्त केलेलं असतं. कोणीही निघो, फोटो काढा आणि पान जिथे सापडलं ती जागा व तारीख आयरेकॉर्ड या ब्रिटनमधल्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. ते पान फेकू नका, जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवा. ओळख पटवून देणारे आधी पोखरलेल्या पानाचाच फोटो मागतात.