टीसी नाही म्हणून प्रवेश नाही? निर्वासित विद्यार्थ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, तेव्हा पुण्यात शिकणारी अफगाण मुलं रात्ररात्र फोनला चिकटून होती. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या कितीतरी जणांना परत जायची सोयच उरली नाही. पुढे डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या मुलींना विद्यापीठाची दारं बंद झाली. मी एका कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनमध्ये काम करते. या मुलांच्या बाबतीत आमच्या हातून झालेल्या चुका इतर कॉलेजांतही होताना दिसतात, म्हणून लिहायला बसले.

"तुमच्या दूतावासाकडून पत्र आणा"

सगळ्यात घातक चूक हीच. परदेशी विद्यार्थ्याचा एखादा कागद कमी पडला की हे वाक्य आपल्या तोंडून आपसूक निघतं. पण जो आपल्या सरकारच्या भीतीने देश सोडून आला, त्याला त्याच सरकारच्या दारात पाठवलं तर त्याचा ठावठिकाणा उघड होतो. आई-वडील, भावंडं अजून तिकडेच असतात. टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेटचंही तेच. शाळाच राहिली नसेल तर शिक्का कोण मारणार?

युरोपातल्या देशांनी यावर वाट काढली आहे. परदेशी शिक्षणाला मान्यता देण्याविषयीच्या 1997 च्या लिस्बन करारात निर्वासितांची पात्रता कागदांशिवायही तपासावी, असं कलम आहे. 2017 पासून युरोप परिषद 'पात्रता पासपोर्ट' देते: हाती असतील ते कागद आणि जाणकारांनी घेतलेली मुलाखत यांवर तो मिळतो आणि 5 वर्षं चालतो. भारत त्या करारात नाही, पण पद्धत उचलायला कुणाची हरकत असणार? मोबाइलमधला मार्कशीटचा फोटो घ्या, प्रतिज्ञापत्र घ्या, त्या विषयाच्या दोन शिक्षकांना अर्धा तास बोलू द्या. मग तात्पुरता प्रवेश देता येईल का, हे विद्यापीठाला पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा. तोंडी होकारावर विसंबलात तर शेवटच्या वर्षी निकाल राखून ठेवला जातो आणि भोगतं ते मूल.

1399 ही छपाईची चूक नाही

एका मुलीच्या बारावीच्या दाखल्यावर 1399 साल होतं. आमच्या क्लार्कने लाल पेनाने त्याभोवती गोल केला आणि 'साल दुरुस्त करून आणा' म्हणून अर्ज परत दिला. ती पुन्हा आली ती आठ दिवसांनी. तोवर यादी लागली होती.

लग्नपत्रिकेवर शके 1943 वाचलं तर आपण गोंधळत नाही. अफगाणिस्तानातही 2022 पर्यंत सरकारी कागदांवर सौर हिजरी सन चालत होता, आणि तो आपल्या पाडव्याच्या सुमारास, 21 मार्चला बदलतो. त्यात 621 मिळवा, 1 जानेवारी ते 20 मार्चमधली तारीख असेल तर 622. एवढी एक ओळ काउंटरच्या काचेवर चिकटवली असती, तर त्या मुलीचं वर्ष वाचलं असतं.

आडनावाचंही तसंच. अनेक अफगाणांना एकच नाव असतं. आपला फॉर्म आडनावाचा रकाना रिकामा सोडत नाही, मग कुणीतरी वडिलांचं नाव तिथे टाकतं. हॉल तिकिटावर एक नाव, निवास परवान्यावर दुसरं, आणि पुढची दोन वर्षं हेलपाटे. परवान्यावर किंवा निर्वासित कार्डावर जे स्पेलिंग आहे, तेच सगळीकडे ठेवा.

सगळ्यांना एकाच फाइलमध्ये घालणं

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे सगळ्यांकडे एकच ओळखपत्र नसतं. अफगाण, म्यानमारच्या निर्वासितांना यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीचं कार्यालय, तपासणीनंतर कार्ड देतं. ज्याचा अर्ज अजून तपासला जातोय, तो आश्रय मागणारा. तिबेटींकडे वेगळं नोंदणी प्रमाणपत्र असतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथला मुलगा इथेच जन्मला, इथेच बारावी झाला, तर त्याच्याकडे परदेशी बोर्डाची समकक्षता मागू नका. आधी विचारा, मग फाइल उघडा.

शाल-श्रीफळ आणि फोटो

हे आमच्याकडून प्रेमापोटी झालं. स्नेहसंमेलनात एका विद्यार्थ्याचा सत्कार केला, त्याची कहाणी माइकवरून सांगितली, फोटो कॉलेजच्या फेसबुक पानावर टाकला. संध्याकाळी तो सेक्शनमध्ये आला. हात थरथरत होते. "मॅडम, माझा भाऊ तिथे आहे," एवढंच म्हणाला. फोटो काढला, पण तोवर किती जणांनी पाहिला होता कोण जाणे. तेव्हापासून लेखी संमती असल्याशिवाय नाव, देश, फोटो यांतलं काहीच बाहेर जात नाही. संमती मागताना 'नाही म्हटलंस तरी चालेल' हे मी आधी सांगते, कारण फी माफ करणाऱ्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं.

बोनाफाईड आठ दिवसांनी

आपल्या मुलांचं बोनाफाईड आठ दिवस लांबलं तर एसटीचा पास लांबतो. परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा वाढवायला एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय, तेच पत्र मागतं. तारीख उलटली तर तो बेकायदा राहणारा ठरतो. त्याच दिवशी द्या. दिल्लीत यूएनएचसीआरची मुलाखत असेल तर ते दिवस हजेरीत धरा आणि चुकलेली चाचणी पुन्हा घ्या.

फीचा प्रश्न कठीण आहे, कारण परदेशी विद्यार्थ्यांचा दर या मुलांना झेपत नाही. जर्मन सरकारच्या पैशातून 1992 पासून चालणारी डाफी शिष्यवृत्ती भारतातल्या निर्वासितांनाही मिळत आली आहे; तिची माहिती नोटीस बोर्डावर असू द्या. 2023 मध्ये जगभरात निर्वासितांपैकी सुमारे 7 टक्केच उच्च शिक्षणापर्यंत पोचत होते, आणि 2030 पर्यंत ते 15 टक्के व्हावेत असं यूएनएचसीआरचं उद्दिष्ट आहे.

दिवाळीची सुट्टी

हॉस्टेल बंद, मेस बंद, पाणीही एकच वेळ. सगळी मुलं गावाला जातात आणि ही जिन्यात बॅग घेऊन बसतात. सुट्टीच्या पंधरा दिवस आधी रेक्टरनी यादी करावी, एक मजला उघडा ठेवावा, मेसवाल्या मावशींशी वेगळं बोलून घ्यावं. आमच्याकडे आता मावशी त्या दिवसांत स्वयंपाकघराची किल्ली मुलांकडेच देतात. मुलं काबुली पुलाव करतात आणि मावशींसाठी डबा काढून ठेवतात.