प्रॉपर्टी कुठे वापरावी आणि इन्स्टन्स व्हेरिएबलला थेट हात कुठे लावावा

मुंबईच्या लोकलची स्थिती दाखवणारे ॲप ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये लिहायचे आहे असे धरू. 'लोकल' या क्लासमध्ये गाडीचा उशीर मिनिटांत ठेवायचा आहे. तो आकडा ज्यात साठतो ते इन्स्टन्स व्हेरिएबल. तो वाचण्या-बदलण्यासाठी क्लासने जाहीर केलेला अधिकृत मार्ग, म्हणजे गेटर आणि सेटर, ही प्रॉपर्टी. ॲपलचे ॲप बनवण्याचे साधन एक्सकोड, त्याच्या 2012 मधल्या 4.4 आवृत्तीपासून प्रॉपर्टी जाहीर करताच अंडरस्कोरने सुरू होणारे व्हेरिएबल कंपायलरच तयार करतो, त्यामुळे नवशिक्याला दोन्ही एकच वाटतात.

समजा, सेटर दोन कामे करतो: उणे मिनिटे नाकारतो आणि दादरच्या इंडिकेटरचा पडदा ताजा करतो. आता क्लासमधल्याच एखाद्या मेथडने अंडरस्कोरवाल्या व्हेरिएबलमध्ये थेट 12 लिहिले, तर आकडा बदलतो, पण सेटर चालत नाही, की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंगची (किंमत बदलल्याचे इतर ऑब्जेक्टना कळवणाऱ्या सोयीची) सूचनाही जात नाही, आणि कर्जत फास्ट बारा मिनिटे उशिरा धावत असताना पडद्यावर ती वेळेवर दिसत राहते. एररही येत नाही, म्हणून ही चूक शोधणे फार जिकिरीचे होते. यासाठी क्लासच्या आतही सवयीने 'सेल्फ डॉट उशीर' असेच लिहावे, म्हणजे प्रॉपर्टीतूनच जावे, असे माझे ठाम मत आहे.

अपवाद मोजके आहेत. स्वतः लिहिलेल्या सेटरच्या आत व्हेरिएबललाच किंमत द्यावी. तिथे 'सेल्फ डॉट' लिहिल्यास सेटर स्वतःलाच बोलावत राहतो आणि स्टॅक भरून ॲप कोसळते. इनिट (ऑब्जेक्ट तयार करणारी मेथड) आणि डीॲलॉक (तो मोडीत काढणारी मेथड) यांमध्येही व्हेरिएबलच वापरावे, कारण एखाद्या सबक्लासने (या क्लासवरून बनवलेल्या क्लासने) सेटर बदललेला असेल, तर अर्धवट तयार झालेल्या किंवा मोडीत निघालेल्या ऑब्जेक्टवर तो चालेल.

बाहेरच्यांनी उशीर फक्त वाचावा असे वाटत असेल, तर हेडरमध्ये (बाहेरच्यांना दिसणाऱ्या फाइलमध्ये) प्रॉपर्टी रीडओन्ली ठेवावी आणि क्लास एक्स्टेन्शनमध्ये (क्लासच्या खासगी जाहीरनाम्यात) तीच रीडराइट म्हणून पुन्हा जाहीर करावी.

पायथॉनमध्ये मात्र इनिटचा हा नियम जसाच्या तसा नेऊ नये. तिथे आधी साधे ॲट्रिब्यूट (ऑब्जेक्टवर थेट ठेवलेली किंमत) ठेवून, तपासणीची गरज पडल्यावर त्याची प्रॉपर्टी केली, तरी ते वापरणारा कोड बदलावा लागत नाही; आणि सुरुवातीची किंमतही तपासली जावी म्हणून इनिटमध्ये बहुधा प्रॉपर्टीतूनच ती देतात.