स्लॅबचा ढाळ बादलीनं तपासा

कोल्हापूरच्या पावसात नव्या स्लॅबवर पाणी थांबलं, की खालच्या खोलीत ओल आलीच म्हणून समजा.

१. कोब्याआधीच (स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराआधीच) ढाळ, म्हणजे उतार ठरवा: पावसाचं पाणी खाली नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाकडे दर 10 फुटांना किमान सव्वा इंच. गवंडी "काढतो की ढाळ" म्हणेल, त्यावर जाऊ नका. पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, दोरीनं रेघ मारून घ्या.

२. कोबा पक्का झाल्यावर लांबच्या कोपऱ्यात दोन-तीन बादल्या ओता. अर्ध्या तासानं जिथं पाणी उरेल, तिथं खडूनं गोल करा. आमच्याकडं टाकीच्या ओट्यामागं परातीएवढं डबकं सापडलं.

३. गवंड्याला शेवटचा हप्ता त्यानंतरच.

पाइप मात्र एकच ठेवू नका. पाल्यानं तोंड बुजलं, तर गच्चीचा हौद होतो.